इंग्रजीतील सत्तेचा शब्दसंग्रह: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख, न्यायालयाचे निकालपत्र किंवा राज्यशास्त्राचे पुस्तक नव्याने वाचू लागलेल्या मराठी वाचकाला अडवतात ते बहुधा ओळखीचेच शब्द. ‘पॉवर’, ‘ऑथॉरिटी’, ‘फोर्स’, ‘कंट्रोल’ हे शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की त्यांचा अर्थ ठाऊक आहे असे गृहीत धरून आपण पुढे जातो आणि लिहायची वेळ आली की सत्ता, अधिकार, शक्ती, बळ या सगळ्यांसाठी एकटा ‘पॉवर’ वापरून मोकळे होतो. स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका, वकिलाचा मसुदा किंवा भाषांतरकाराचे पान, तिन्ही ठिकाणी ही सवय महागात पडते. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून ती सुटत नाही. सत्ता कोणाकडे आहे, ती त्याला कोठून मिळाली, कोणावर चालते आणि कशी चालवली जाते, हे प्रश्न वाक्य लिहिण्याआधी विचारले की योग्य शब्द निवडता येतो, आणि पुढच्या सर्व पायऱ्या याच प्रश्नांभोवती रचल्या आहेत. लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. प्रत्येक शब्द कोशात शोधून त्याचे इंग्रजी शब्दलेखन स्वतःच्या हाताने वहीत उतरवावे, म्हणजे अर्थ आणि लेखन यांचा अभ्यास एकाच वेळी होतो.

पहिली पायरी: ‘अधिकार’ या शब्दाची फोड करावी

मराठीतला ‘अधिकार’ हा शब्द इंग्रजीतल्या निदान तीन शब्दांचे काम करतो, म्हणून सुरुवात येथूनच करावी. तहसील कार्यालयातले नेहमीचे उदाहरण घेऊ. ‘दाखला देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे’ आणि ‘दाखला मिळण्याचा अधिकार अर्जदाराला आहे’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज चालतात, पण इंग्रजीत पहिल्या वाक्यात ‘ऑथॉरिटी’ किंवा ‘पॉवर’ येईल आणि दुसऱ्या वाक्यात ‘राइट’ येईल. तहसीलदारांच्या बाबतीत ‘राइट’ लिहिले तर दाखला देणे ही त्यांची खासगी मालकीची गोष्ट आहे असा विचित्र सूर लागतो. जे स्वतःसाठी मागता येते आणि नाकारले गेल्यास ज्यासाठी दाद मागता येते ते ‘राइट’, तर ज्याच्या आधारे घेतलेला निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक होतो ते ‘ऑथॉरिटी’, अशी कसोटी लावावी. ‘ऑथॉरिटी’ सहसा पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. अनेकवचनी ‘पॉवर्स’ म्हणजे कायद्याने मोजून दिलेले एकेक अधिकार, जसे झडती घेण्याचा, साक्षीदाराला बोलावण्याचा, दंड करण्याचा.

हा फरक अंगवळणी पडावा यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही प्रतींत शेजारीशेजारी ठेवून वाचावा असे मी आग्रहाने सांगेन. कायद्याच्या नावातला ‘अधिकार’ इंग्रजीत ‘राइट’ आहे. ज्याच्याकडे अर्ज करायचा तो माहिती अधिकारी ‘ऑफिसर’ आहे. ज्या संस्थेकडची माहिती हवी ते सार्वजनिक प्राधिकरण ‘पब्लिक ऑथॉरिटी’ आहे. आणि कलम १८ मध्ये माहिती आयोगाला चौकशीच्या वेळी दिवाणी न्यायालयाचे जे अधिकार दिले आहेत, ते मात्र ‘पॉवर्स’ आहेत. एकाच कायद्यात हे चारही शब्द आपापल्या जागी बसलेले दिसतात. उलट बाजूही येथेच ध्यानात घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये त्याच ‘राइट’साठी मराठीने ‘हक्क’ हा शब्द घेतला आहे. हक्क हा शब्द दिसला तर बहुतेक वेळा ‘राइट’ लिहून निर्धास्त राहता येते. अधिकार दिसला की मात्र थांबून विचार करावा.

‘ऑथॉरिटी’चे आणखी दोन उपयोग येथेच नोंदवावेत. ‘द ऑथॉरिटीज’ असे अनेकवचन आले की त्याचा अर्थ संबंधित शासकीय यंत्रणा, आणि ‘अ‍ॅन ऑथॉरिटी ऑन’ असे आले की त्या विषयातली जाणकार व्यक्ती. संतवाङ्मयाचा गाढा अभ्यास असलेल्या माणसाला आपणही त्या विषयातली अधिकारी व्यक्ती म्हणतो, त्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला परका वाटू नये.

दुसरी पायरी: शाळेतल्या विज्ञानाचा आधार घ्यावा

मराठी माध्यमात शिकलेल्या वाचकाकडे एक चांगली शिदोरी आधीच असते. ‘फोर्स’ म्हणजे बल, ‘एनर्जी’ म्हणजे ऊर्जा आणि ‘पॉवर’ म्हणजे शक्ती, हे त्याने विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात शिकलेले असते. हे वर्गीकरण राजकारणाच्या भाषेतही बऱ्याच अंशी उपयोगी पडते, कारण ‘पॉवर’ ही वापरली नाही तरी जवळ असणारी क्षमता आहे, तर ‘फोर्स’मध्ये प्रत्यक्ष बळाचा वापर अभिप्रेत असतो. पोलिसांनी जमावावर बळाचा वापर केला असे लिहायचे असेल तर ‘यूज्ड फोर्स’ असेच लिहावे लागते. ‘यूज्ड पॉवर’ लिहिल्यास लाठीमाराचा अर्थ निघत नाही. ‘कम इंटु फोर्स’ हा वाक्प्रयोग मात्र वेगळा आहे आणि त्यात कोणतीही जबरदस्ती नाही. कायदा अमलात येणे एवढाच त्याचा अर्थ होतो.

‘स्ट्रेंग्थ’ अंगभूत असते. शरीराची, मनाची, युक्तिवादाची किंवा संख्येची ताकद तिने दाखवली जाते. वर्गाच्या पटालाही आपल्याकडे ‘स्ट्रेंग्थ’ म्हणतात, पण भारताबाहेरच्या शिक्षकाला ते चटकन समजणार नाही, त्याच्यासाठी ‘क्लास साइज’ लिहावे. ‘माइट’ हा जुना, भारदस्त शब्द लष्करी किंवा साम्राज्याच्या सामर्थ्यासाठी राखून ठेवावा. वीजपुरवठ्याच्या बाबतीत उलटी चूक होते. ‘लाईट गेली’ याचे शब्दशः इंग्रजी न करता ‘पॉवर कट’ झाला असे सांगावे.

देश या अर्थाने ‘पॉवर’ हे गणनीय नाम होते. महासत्तेसाठीचा ‘सुपरपॉवर’ हा शब्द अमेरिकी अभ्यासक विल्यम फॉक्स यांनी १९४४ मध्ये आजच्या अर्थाने रूढ केला. बळजबरी किंवा पैशाचे आमिष न वापरता संस्कृती, मूल्ये आणि आकर्षण यांच्या जोरावर मिळणाऱ्या प्रभावाला जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये ‘सॉफ्ट पॉवर’ हे नाव दिले. ‘न्यूक्लिअर पॉवर’ या शब्दजोडीपाशी मात्र सावध असावे. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला १९६९ पासून निर्माण होते ती अणुवीज ‘न्यूक्लिअर पॉवर’ आहे, आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर भारताला जे म्हटले जाऊ लागले तेही ‘न्यूक्लिअर पॉवर’च आहे. दुसऱ्या अर्थी शब्दामागे ‘अ’ हे उपपद येते, पहिल्या अर्थी येत नाही. अशा वेळी सारा अर्थ त्या एका अक्षरावर तोललेला असतो.

तिसरी पायरी: शब्द एकटा न शिकता त्याच्या क्रियापदासह आणि शब्दयोगी अव्ययासह शिकावा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण नवख्या लेखकाचे इंग्रजी उघडे पडते ते बहुधा येथेच. यासाठी आपल्याला पूर्ण माहीत असलेली एखादी राजकीय घटना घ्यावी आणि ती टप्प्याटप्प्याने इंग्रजीत सांगून पाहावी. वाजपेयी सरकारचे १९९९ मधले पतन या सरावासाठी फार सोयीचे आहे.

१९९८ च्या मार्चमध्ये भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील आघाडी सत्तेवर आली, हे पहिले वाक्य. येथे ‘केम टु पॉवर’ लिहावे. मराठीतल्या ‘सत्तेत आली’ या रचनेमुळे ‘केम इन पॉवर’ लिहिण्याचा मोह होतो, पण सत्तेवर येण्याच्या क्रियेला ‘टु’ आणि सत्तेवर असण्याच्या स्थितीला ‘इन’ असे हे वाटप आहे. दोन्ही ठिकाणी ‘पॉवर’मागे ‘द’ लावायचा नाही. पुढच्या वर्षी अण्णाद्रमुकने पाठिंबा काढून घेतला, त्यासाठी ‘विथड्रू इट्स सपोर्ट’. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली, म्हणून सरकार एका मताने हरले, त्यासाठी ‘लॉस्ट द कॉन्फिडन्स व्होट’, आणि सरकार पडले यासाठी ‘फॉल’चे अगदी साधे भूतकाळी रूप ‘फेल’. येथे ‘ओव्हरथ्रो’ वापरणे चूक ठरेल, कारण त्या शब्दात घटनाबाह्य मार्गाने किंवा बळाने उलथून टाकण्याचा भाव आहे. पुढचे वाक्य तर शिकण्यासारखेच आहे. निवडणुका होईपर्यंत वाजपेयी काळजीवाहू पंतप्रधान म्हणून पदावर राहिले, त्यासाठी ‘रिमेन्ड इन ऑफिस’. पद आहे पण निर्णयाचे पूर्ण बळ नाही, अशी स्थिती ‘इन ऑफिस’ने नेमकी दाखवता येते, ‘इन पॉवर’ने नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा सत्ता दिली, म्हणजे ते ‘वॉज रिटर्न्ड टु पॉवर’, आणि मतदारांनी दिलेला कौल हा ‘मँडेट’.

एवढ्या सहा-सात वाक्यांत जितकी क्रियापदे येतात तितकी एखाद्या यादीतून महिनाभरातही पक्की होत नाहीत. यांच्या जोडीला आणखी काही घ्यावीत: सत्ता वापरणे यासाठी औपचारिक लेखनात ‘एक्सरसाइज’, सत्ता हातात खेळवणे यासाठी ‘वील्ड’, बळकावणे यासाठी ‘सीझ’, गैरवापर करणे यासाठी ‘अब्यूज’, खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवणे यासाठी ‘डेलिगेट’, प्रभाव किंवा दबाव टाकणे यासाठी ‘एक्झर्ट’. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ मध्ये संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी असल्याचे सांगताना ‘व्हेस्टेड इन’ ही रचना आली आहे, आणि कायद्याच्या भाषेत ती पदोपदी भेटते. १९४७ मधल्या सत्तांतराला इंग्रजीत ‘ट्रान्सफर ऑफ पॉवर’ म्हणतात. ‘पॉवर’, ‘ऑथॉरिटी’ आणि ‘कंट्रोल’ यांच्यापुढे, ज्याच्यावर ती चालते ते सांगताना, ‘ओव्हर’ येते. ‘इन्फ्लुअन्स’पुढे ‘ऑन’ आणि ‘ओव्हर’ दोन्ही येतात, पण माणसाला वश ठेवण्याचा अर्थ असेल तर ‘ओव्हर’कडे कल असतो.

चौथी पायरी: गादी आणि कारभार यांत फरक करावा

‘रेन’, ‘रूल’ आणि ‘गव्हर्न’ हे तीन शब्द मराठीत ‘राज्य करणे’ या एकाच क्रियेत मिसळून जातात. ‘रेन’ म्हणजे गादीवर असणे. ‘गव्हर्न’ म्हणजे प्रत्यक्ष कारभार पाहणे. ‘रूल’ दोहोंनाही लागू पडतो, पण त्यात हुकमतीचा भाव अधिक असतो. राणी दुसरी एलिझाबेथ १९५२ ते २०२२ अशी ७० वर्षे ‘रेन’ करीत होती, मात्र ब्रिटनचा कारभार या काळात पंतप्रधान आणि त्यांचे मंत्रिमंडळ पाहत होते. मराठेशाहीचा उत्तरकाळ आठवला तर हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही: साताऱ्यास छत्रपती गादीवर होते आणि कारभार पुण्याहून पेशवे करीत होते. शिवाजी महाराजांविषयी लिहितानाही हेच भान ठेवावे. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, १६८० पर्यंतच्या काळाला ‘रेन’ म्हणणे योग्य होईल, पण त्यांनी स्वराज्याचा कारभार त्याआधी कित्येक वर्षे चालवला होता, म्हणून त्या साऱ्या कालखंडासाठी ‘रूल’ घ्यावा.

गादी सोडण्याचे क्रियापदही वेगळे आहे. आठवा एडवर्ड १९३६ मध्ये आणि जपानचे सम्राट अकिहितो २०१९ मध्ये ‘अ‍ॅब्डिकेट’ झाले. मंत्री किंवा अध्यक्ष ‘रिझाइन’ करतो किंवा ‘स्टेप डाउन’ होतो. ‘रेन’चा उच्चार पावसाच्या आणि लगामाच्या इंग्रजी शब्दांसारखाच असल्याने शब्दलेखनात घोटाळा होतो, विशेषतः मोकळीक देणे या अर्थाच्या ‘फ्री रेन’मध्ये. तेथे लगामाचा शब्द हवा.

पाचवी पायरी: ‘शाही’ची इंग्रजी रूपे वेगवेगळी आहेत हे ओळखावे

मराठीने फारसीतून आलेल्या ‘शाही’ या एका प्रत्ययावर केवढा संसार उभा केला आहे हे पाहण्यासारखे आहे. लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही, नोकरशाही, सरंजामशाही, भांडवलशाही, घराणेशाही, झुंडशाही, शिवाय आदिलशाही आणि निजामशाही. इंग्रजीत यांना एक प्रत्यय पुरत नाही. लोकशाही ‘डिमॉक्रसी’ आणि नोकरशाही ‘ब्यूरॉक्रसी’, कारण तेथे बळ किंवा सत्ता या अर्थाचा ग्रीक ‘क्रातोस’ आहे. राजेशाही ‘मॉनर्की’ आणि मूठभरांची सत्ता ‘ऑलिगार्की’, कारण तेथे राज्य करणे या अर्थाचा ग्रीक ‘आर्खेइन’ आहे. हुकूमशाही मात्र ‘डिक्टेटरशिप’ होते, सरंजामशाही आणि भांडवलशाही ‘फ्यूडलिझम’ आणि ‘कॅपिटलिझम’ होतात, झुंडशाहीला ‘मॉब रूल’ आणि घराणेशाहीला ‘डायनॅस्टिक पॉलिटिक्स’ असे दोन-दोन शब्द लागतात, आणि आदिलशाहीचा उल्लेख बहुधा विजापूरची ‘सल्तनेट’ असा येतो. ‘शाही’ दिसली की ‘क्रसी’ जोडायचे, हा आडाखा म्हणून सोडून द्यावा.

उच्चाराकडे येथेच लक्ष द्यावे. ‘डिमॉक्रसी’मध्ये आघात दुसऱ्या अवयवावर, ‘डेमक्रॅट’मध्ये पहिल्यावर आणि ‘डेमक्रॅटिक’मध्ये तिसऱ्यावर येतो. ‘ब्यूरॉक्रसी’चे कुटुंबही याच चालीने चालते. ‘सॉव्हरिन’ या सार्वभौमवाचक शब्दातले जी आणि बंड करून सत्ता घेण्याच्या ‘कू’ या शब्दातले पी ही अक्षरे लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत.

सहावी पायरी: शब्दांची घराणी लक्षात ठेवावी

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे बराच काळ राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. ‘किंग’, ‘क्वीन’, ‘लॉर्ड’, ‘माइट’ हे मूळचे इंग्रजी शब्द टिकले, पण ‘पॉवर’, ‘गव्हर्न’, ‘ऑथॉरिटी’, ‘पार्लमेंट’, ‘क्राउन’, ‘कोर्ट’ असे राज्यव्यवहाराचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले. यामुळे एकाच अर्थाचे तीन थर तयार झाले: ‘किंगली’ देशी, ‘रॉयल’ फ्रेंचमधून आणि ‘रीगल’ थेट लॅटिनमधून. यांतल्या शेवटच्या दोहोंच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘रेक्स’ हा आपल्या ‘राजन्’चा सख्खा नातेवाईक आहे, आणि ‘रेन’, ‘रेझीम’, ‘रेजिमेंट’, ‘रूल’ हे सारे त्याच कुळातले आहेत. समर्थ असणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘पॉवर’ आणि ‘पोटंट’, सर्वशक्तिमान या अर्थाचा ‘ऑम्निपोटंट’ आणि पूर्ण अधिकार असलेल्या राजदूतासाठीचा ‘प्लेनिपोटेन्शिअरी’ निघाले. ‘इंपोटंट’ हा शब्द मात्र हतबल या अर्थी व्यक्तीबाबत वापरू नये, कारण व्यवहारात त्याचा अर्थ नपुंसक असा घेतला जातो. ‘पॉवरलेस’ किंवा ‘हेल्पलेस’ पुरेसे आहे.

आपल्याकडूनही इंग्रजीने सत्तेचे शब्द नेले आहेत. १८५८ ते १९४७ च्या ब्रिटिश राजवटीला इंग्रजीत ‘द राज’ म्हणतात. मुघल या शब्दापासून आलेला ‘मोगल’ आज एखाद्या उद्योगावर हुकमत असलेल्या धनाढ्यासाठी वापरतात. पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारी अनिवार शक्ती असा शब्द झाला. भक्तीच्या एका सोहळ्याला परक्या प्रवाशांनी दिलेला हा अर्थ आहे, हे तो वापरताना ध्यानात ठेवावे.

सातवी पायरी: शब्दाचा सूर ऐकावा

‘गव्हर्न्मेंट’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आणि ‘रेझीम’ तिन्ही सरकारच आहेत, पण लेखकाने ‘रेझीम’ लिहिले की बहुधा त्याला ते सरकार मान्य नाही असे समजावे. ‘लीडर’ आणि ‘स्ट्राँगमन’ यांतही हाच फरक आहे, आणि दुसऱ्या शब्दाचा मराठीत ‘कणखर नेता’ असा गौरवपर अनुवाद करणे म्हणजे मूळ लेखकाच्या तोंडी न बोललेले वाक्य घालणे होय.

मराठीतल्या बोलक्या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द शोधताना हाच कान लागतो. एखाद्याचे मंत्रालयात वजन आहे, तर त्याला ‘क्लाउट’ आहे. त्याच्या मताला वजन आहे, तर ते मत ‘कॅरीज वेट’. वशिला लावला, तर ‘कनेक्शन्स’ वापरल्या. अरेरावी ‘हाय-हँडेड’ वागण्यात दिसते, मनमानी ‘आर्बिट्ररी’ निर्णयांत. वर्चस्व ‘डॉमिनन्स’ आहे, पण भाषेवरचे प्रभुत्व ‘कमांड’ आहे. वचक या शब्दाला नेमका जोडीदार इंग्रजीत मला सापडलेला नाही. तेथे संदर्भाप्रमाणे धाक, आदर किंवा शिस्त यांपैकी जे खरे असेल ते वाक्यात उलगडून लिहावे लागते.

आठवी पायरी: वही आणि रोजचा सराव

शब्दांची वही अकारविल्हे न करता वर सांगितलेल्या प्रश्नांप्रमाणे करावी: सत्ता कोठून मिळाली, कोणावर चालते, कशी वापरली, कशी गेली. प्रत्येक शब्दासमोर अर्थ लिहिण्याआधी त्याचे एक पूर्ण वाक्य उतरवावे आणि त्यातले क्रियापद व शब्दयोगी अव्यय अधोरेखित करावे. रोज एका इंग्रजी बातमीतून असे तीनच शब्द घ्यावेत. राज्यघटनेच्या मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून रोज एक अनुच्छेद वाचावा. राष्ट्रपतींच्या दयेच्या अधिकाराविषयीचा ७२, अध्यादेशाविषयीचा १२३, राष्ट्रपती राजवटीविषयीचा ३५६ आणि घटनादुरुस्तीविषयीचा ३६८ हे अनुच्छेद सुरुवातीला घेतले तर सत्तेचे बहुतेक शब्द आणि त्यांच्या रचना लवकर भेटतात. उद्देशिकेतले ‘सार्वभौम’ आणि ‘गणराज्य’ हे शब्दही त्याच बैठकीत पाहून घ्यावेत. आठवड्यातून एकदा आपल्या गावातली एखादी घडामोड, मग ती सरपंचांवरील अविश्वास ठराव असो वा सहकारी संस्थेची निवडणूक, दहा ओळींत इंग्रजीत लिहावी. लिहून झाल्यावर त्यातला प्रत्येक ‘पॉवर’ शोधून त्याखाली रेघ मारावी, आणि त्या जागी ‘ऑथॉरिटी’, ‘राइट’, ‘ऑफिस’, ‘फोर्स’ किंवा ‘इन्फ्लुअन्स’ यांपैकी दुसरा शब्द अधिक नेमका बसतो का, हे एकेक करून तपासावे.